पुडीचा हिशेब
(एका पाड्यावरील किराणा खर्चाचा अल्प अभ्यास)

द्वितीय वर्ष, कला शाखा

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण आपण सर्वांनीच शाळेत असताना शुद्धलेखनाच्या वहीत लिहिलेली आहे. काटकसरीवर निबंध आला की तिच्यापासून सुरुवात करावी आणि 'थेंबे थेंबे तळे साचे' या म्हणीने शेवट करावा, म्हणजे गुण हमखास मिळतात. मीही तसेच निबंध लिहिले आहेत. परंतु अर्थशास्त्राच्या तासाला उत्पन्न, उपभोग आणि बचत हे प्रकरण शिकत असताना माझ्या मनात एक प्रश्न आला. ज्यांचे अंथरूणच आखूड आहे त्यांनी पाय आखडायचे तरी किती? आणि आखडूनही पैसा उरत नसेल, तर तो जातो कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी आमच्याच घराचा किराणा अभ्यासाला घेतला. तो अभ्यास विद्यार्थी मित्रमैत्रिणींसमोर व गुरुजनांसमोर ठेवीत आहे.

अभ्यासाचे कारण

मी तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर राहते. घरात आजी, आई, नऊ वर्षांचा धाकटा भाऊ आणि मी. बाबा खलाशी आहेत. पावसाळा सरत आला की ते गुजरातकडच्या मासेमारी बोटीवर जातात आणि मे महिन्यात परत येतात. आई कधी डहाणूकडे चिकूच्या वाडीत, तर कधी उंबरगावला कारखान्यात रोजंदारीने जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

मागच्या जुलैमध्ये द्वितीय वर्षाच्या प्रवेशाला दोनच दिवस उरले होते. बाबांनी आणलेल्या पैशांतून आईने सर्वांत आधी पाड्यावरच्या दुकानाची उधारी, ४,२०० रुपये, चुकती केली. प्रवेशाला, पुस्तकांना आणि पासाला पैसे उरले नाहीत. शेवटी एक बकरी विकावी लागली. मी आईशी तीन दिवस बोलले नाही. "दुकानदार मोठा की माझे शिक्षण मोठे?" असे मी तिला विचारले. आई शांतपणे म्हणाली, "दुकान तुटले तर श्रावणात काय खाशील?" (आईचे बोलणे आमच्या वारली बोलीतले आहे. येथे ते मी प्रमाण मराठीत लिहिले आहे.)

तेव्हा मला आईचा राग आला होता आणि दुकानदाराचा त्याहून अधिक. तो नक्कीच फसवत असणार, अशी माझी खात्री होती. म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर असे तीन महिने मी घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा भाव, वजन आणि तारीख एका वहीत लिहिली. दुकानातली आमच्या खात्याची पानेही मागून घेऊन तपासली. आईला वाचता येत नाही. त्यामुळे ती पाने आमच्या घरातील कोणी वाचण्याची ती पहिलीच वेळ होती.

वहीने काय सांगितले?

पहिली गोष्ट म्हणजे दुकानदाराच्या हिशेबात एकही चूक निघाली नाही. बेरीज बरोबर होती, तारखा बरोबर होत्या. मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

दुसरी गोष्ट अशी की आमच्या घरात उधळपट्टी कुठेच नव्हती. जो पैसा जात होता तो वस्तूंवर कमी आणि वस्तू घेण्याच्या पद्धतीवर जास्त जात होता. आई रोज संध्याकाळी भावाला दुकानात पाठवते. शंभर मिली तेल, पावशेर साखर, पावशेर डाळ, दहा रुपयांची चहाची पुडी असा तो माल येतो. आम्ही अजूनही अडीचशे ग्रॅमला पावशेरच म्हणतो, जरी शेर जाऊन किलो आल्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या पुड्यांचा किलोचा भाव मी काढला आणि एका रविवारी तलासरीच्या बाजारात जाऊन तोच भाव विचारून आले.

तेल आम्हाला १०० मिलीला १८ रुपये पडत होते, म्हणजे लिटरला १८० रुपये. बाजारात लिटरची पिशवी १४५ रुपयांना होती. तूरडाळ पावशेरला ३८, म्हणजे किलोला १५२ रुपये. बाजारात १२५ रुपये. साखर पावशेरला १३, म्हणजे किलोला ५२. बाजारात ४४. चहाच्या पुड्यांचा भाव किलोला ४०० रुपये पडत होता, तर पाव किलोच्या पाकिटाचा ३००. कांद्यात किलोमागे ८ रुपयांचा फरक होता.

आमच्या घरी महिन्याला साधारण ३ लिटर तेल, ४ किलो डाळ, ४ किलो साखर, अर्धा किलो चहा आणि ५ किलो कांदे लागतात. फरकाची रक्कम अनुक्रमे १०५, १०८, ३२, ५० आणि ४० रुपये होते. एकूण ३३५ रुपये. वर्षाला ४,०२० रुपये. आईने जुलैत चुकती केलेली उधारी ४,२०० रुपये होती हे वाचकांनी लक्षात घ्यावे. जवळजवळ तितकीच रक्कम आम्ही दर वर्षी केवळ लहान पुडीसाठी देत होतो.

तथापि पुडी नेहमीच महाग असते असेही नाही. शांपूच्या रुपयाच्या पुड्या आणि बाटली यांची तुलना केली तेव्हा पुडीच स्वस्त निघाली. म्हणून 'मोठे ते स्वस्त' असे डोळे मिटून मानू नये. भागाकार करून पाहावा.

आजीची खावटी

हा हिशेब मी आजीला वाचून दाखवला. ती हसली आणि म्हणाली, "तुम्हाला पुडी तरी मिळते. आम्हाला खावटी मिळायची."

खावटी म्हणजे खाण्यासाठी काढलेले धान्याचे कर्ज. आषाढात घरातले भात संपले की सावकाराकडून एक मण भात आणायचे आणि कार्तिकात पीक आले की दीड मण परत करायचे. आजीने ही गोष्ट तिच्या आईकडून ऐकलेली आहे. मी तिला व्याजाचे गणित करून दाखवले. पाच महिन्यांत निम्मे वाढते म्हणजे महिन्याला १० टक्के, वर्षाला १२० टक्के. आजीला टक्के कळत नाहीत. पण "पिकवणारे आम्ही आणि मागून खाणारेही आम्हीच" हे तिचे वाक्य कोणत्याही टक्केवारीपेक्षा मला अधिक स्पष्ट वाटले.

आपल्या तालुक्याचा इतिहास आपणास ठाऊक आहेच. याच तालुक्यातील झरी गावी मे १९४५ मध्ये हजारो वारली एकत्र जमले आणि यापुढे वेठबिगार करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्या काळाची हकिकत लिहिली आहे. वेठ गेली, लग्नगडी गेले, सावकाराचे मापही गेले. सरकारने पुढे खावटी हाच शब्द आपल्या योजनेसाठी घेतला. करोनाच्या काळात २०२०-२१ साली आदिवासी कुटुंबांना जे ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर झाले, त्यातील निम्मे रोख आणि निम्मे किराणा मालाच्या रूपात होते.

खावटीचा सावकार आणि पाड्यावरचा दुकानदार यांना मी एकाच पंक्तीत बसवत नाही. आमचा दुकानदारही माल तलासरीहूनच आणतो, रिक्षाचे भाडे भरतो आणि पावसाळाभर त्याचे पैसे आमच्याकडे अडकलेले असतात. आजोबा वारले त्या रात्री दिवसकार्याचे तांदूळ त्यानेच न विचारता दिले होते. परंतु पावसाळ्यात अन्नासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागणे ही जी अवस्था आहे, ती काही प्रमाणात तशीच राहिली आहे. जो उधारीवर घेतो त्याला भाव विचारता येत नाही आणि दुसऱ्या दुकानातही जाता येत नाही.

आईचे उत्तर

आता मला वाटले की रोग सापडला आणि औषधही सापडले. मी आईला सांगितले, "महिन्याचा किराणा एकदम बाजारातून आणायचा. पुडी बंद."

आई भांडी घासत होती. ती म्हणाली, "आणू. पैसे कोणाचे?"

मग तिने एकेक गोष्ट सांगितली. मजुरी रोजची किंवा आठवड्याची मिळते, महिन्याची नाही. महिन्याचा किराणा घ्यायचा तर हातात एकदम दोन-अडीच हजार हवेत. तेवढे घातले आणि दुसऱ्या दिवशी भावाला ताप आला, तर डॉक्टर डाळ घेणार नाही. दर आठवड्याला बाजारात जावे तर जाण्यायेण्याचे ६० रुपये लागतात. महिन्यातून चार खेपा म्हणजे २४० रुपये. ३३५ मधून २४० गेले की उरले ९५, आणि चार दिवसांच्या मजुरीचे काय? शिवाय घरात तेलाची भरलेली बाटली दिसली की हातही सैल सुटतो आणि शेजारीण वाटी घेऊन येते. तिला नाही म्हणता येत नाही, कारण उद्या आपल्यालाही वाटी न्यायची असते.

यातील एकही मुद्दा माझ्या वहीत नव्हता. मी भाव लिहिले होते, पण मजुरी कोणत्या दिवशी मिळते हे लिहिले नव्हते. पुस्तकात 'उपभोक्ता विवेकाने निवड करतो' असे वाक्य आहे. माझी निरक्षर आई ती निवड रोज संध्याकाळी करीत होती आणि मी तिला अडाणी समजत होते. गरिबाजवळ पैसा नसतो असे आपण म्हणतो. आमच्याबाबतीत अधिक खरे हे आहे की आमच्याजवळ आठ-पंधरा दिवस आधी पैसा नसतो. त्या पंधरा दिवसांची किंमत आम्ही पुडीपुडीने भरत असतो.

दुसरीकडे काय झाले?

ही अडचण केवळ आमची नाही असे वाचनातून लक्षात आले. इंग्लंडमधील रॉचडेल या गावी १८४४ साली विणकरी आणि इतर कामगारांनी प्रत्येकी एक पौंड वर्गणी जमवून एक दुकान काढले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल. उधारी नाही, माप खरे आणि नफा झाला तर तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. जगभरातील ग्राहक सहकारी चळवळ आपला आरंभ तेथून मानते.

आपल्या महाराष्ट्रात १९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासद कुटुंबांचे लहान लहान संघ असतात. ते आपली मागणी आधी नोंदवतात, माल एकत्र घाऊक खरेदी होतो आणि संघातील माणसेच तो वाटून घेतात. म्हणजे काटकसर एकट्या घराने करण्यापेक्षा दहा घरांनी मिळून करावी, हा त्यातला विचार होय.

पाच घरांचा प्रयोग

आमच्या पाड्यावर बचत गट आहे. आई त्यात आहे. डिसेंबरमध्ये गटातील पाच घरांनी मिळून एकत्र खरेदी करून पाहायचे ठरवले. 'आधी पैसा' ही अडचण गटाच्या शिल्लकेतून लहान कर्ज काढून सोडवली. ते प्रत्येक घराने आठवड्याच्या मजुरीतून फेडायचे. दोघीजणींनी बाजारात जायचे. त्यांचे भाडे १२० आणि सामानाचे ८०, असे २०० रुपये पाच घरांत वाटले की प्रत्येकी ४०. म्हणजे आमच्या ३३५ रुपयांतून ४० वजा जाता २९५ रुपये वाचायला हवेत. यादी आणि हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी अशा तीन खेपा झाल्या. सर्व काही सुरळीत झाले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पहिल्या खेपेला स्वस्त मिळाले म्हणून आम्ही पाच किलो बेसन जास्तीचे घेतले, त्यात अळ्या झाल्या आणि पाच घरांचे मिळून ३५० रुपये बुडाले. लागत नसलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी ती महागच पडते. फेब्रुवारीत एका घरातील मूल आजारी पडले आणि त्यांना हप्ता देता आला नाही. त्यांना वगळावे असे दोघींचे म्हणणे पडले. आई म्हणाली, "आज तिला काढले तर उद्या मला काढाल." शेवटी कोणाही घराला वर्षातून एक खेप हप्ता पुढे ढकलता येईल, असा नियम झाला. मला वाटते, हा नियम हाच आमच्या प्रयोगातील सर्वांत चांगला शोध आहे.

पाड्यावरच्या दुकानाचे खाते आम्ही बंद केलेले नाही. मीठ, आगपेटी, अडीअडचणीचा माल तेथूनच येतो. पण खात्यावरची रक्कम फेब्रुवारीअखेर ६५० रुपये होती. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती दोन हजारांच्या वर होती, हे मी त्याच्याच वहीतून पाहिले आहे.

दोन मोठ्या गळत्या

हिशेब करताना किराण्याच्या बाहेरच्या दोन गोष्टी सापडल्या, आणि त्या पुड्यांइतक्याच महत्त्वाच्या निघाल्या.

एक म्हणजे रेशन. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील ५ वर्षे ते तसेच मिळणार आहे. आमच्या कार्डावर धाकट्या भावाचे नावच नव्हते. यात दोष आमचाच, कारण तो जन्मल्यापासून आम्ही कधी अर्ज केला नव्हता. किलोला ३६ रुपये धरले तरी महिन्याला १८० आणि वर्षाला २,१६० रुपयांचे धान्य आम्ही सोडून देत होतो. आधार कार्ड जोडून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज दिला आणि फेब्रुवारीपासून त्याचे धान्य मिळू लागले. आपल्या भागातील जी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बोटीवर जातात, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. एकाच कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य घेण्याची सोय २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्या राज्यांत प्रथम सुरू झाली, त्यात महाराष्ट्र आणि गुजरात ही जोडी होती. आता ती देशभर आहे.

दुसरी गळती आमच्या माळ्यावरची. दर वर्षी जानेवारीत आम्ही वरकस जमिनीतली २० किलो तूर किलोला ७० रुपयांनी विकत होतो, कारण तेव्हा उधारीचा तगादा असे. १,४०० रुपये येत. त्याच तुरीची भरडून सुमारे १४ किलो डाळ होते आणि तेवढी डाळ पावशेराच्या भावाने आम्ही २,१२८ रुपयांना विकत आणत होतो. ७२८ रुपयांचा फटका. यंदा तूर विकली नाही. आजीने कोपऱ्यातले जाते पुसून काढले आणि उरलेल्या तुरीला राख चोळून ती कणगीत भरली आहे.

वाचकांसाठी काही सूचना

प्रत्येक घराची परिस्थिती निराळी असते. तरीही अनुभवावरून पुढील गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१. एक महिना तरी सर्व खरेदी लिहून काढा. लिहिल्याशिवाय गळती दिसत नाही.

२. पाकिटाची किंमत न पाहता १०० ग्रॅमची किंमत पाहा. ४०० ग्रॅमचे पाकीट ६२ रुपयांना आणि ३५० ग्रॅमचे ५६ रुपयांना असेल, तर दिसायला दुसरे स्वस्त आहे; पण १०० ग्रॅमला पहिले साडेपंधरा आणि दुसरे सोळा रुपये पडते. २०२१ साली वेष्टित मालाच्या नियमांत दुरुस्ती होऊन एककाची किंमत पाकिटावर छापण्याची तरतूद झाली आहे. ती बारीक अक्षरांत असते, पण शोधावी.

३. तेल घेताना लिटर आणि किलो यांत गल्लत करू नका. लिटरभर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणून १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा एक नव्हे.

४. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत. विनम्रपणे पण स्पष्टपणे हे सांगावे.

५. आपल्या रानाला विसरू नका. पावसाळ्यातील शेवळे, करटोली, टाकळा आणि चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेत एकदाच भरून ठेवलेली सुकी मासळी यांनी आमच्या आजीचा संसार चालवला आहे.

समारोप

भावाचे धान्य, तूर आणि एकत्र खरेदी मिळून वर्षाला सहा हजारांच्या आसपास बचत व्हावी असा माझा अंदाज आहे. ती पूर्ण होईल की नाही हे येता पावसाळा ठरवील. पैसे थोडेच आहेत. परंतु येत्या जुलैमध्ये तृतीय वर्षाच्या प्रवेशासाठी बकरी विकावी लागू नये, एवढे त्यांतून व्हावे अशी आशा आहे. आईने गटाच्या पेटीत त्यासाठी निराळी पुरचुंडी बांधून ठेवली आहे.

काटकसर ही केवळ मन मारण्याची गोष्ट नाही, असे मला या अभ्यासातून वाटू लागले आहे. मन मारणे आमच्या घराला शिकवावे लागत नाही. शिकायचे आहे ते लिहिणे, भागाकार करणे, अर्ज भरणे आणि शेजारणीला सोबत घेणे. त्यातले पहिले तीन मला कॉलेजने व शाळेने शिकवले. चौथे आईने शिकवले. ती आता रोज रात्री माझ्या वहीत स्वतःचे नाव आणि तेल, डाळ, साखर हे तीन शब्द गिरवते. मागच्या आठवड्यात तिने दुकानातल्या खात्यावरचा 'साखर' हा शब्द स्वतः वाचला आणि त्यापुढचा आकडा मला विचारला नाही.